सर टायरन गथ्री : नभोनाट्य ते रंगभूमी

आयर्लंडचे नामवंत नाटककार ब्रायन फ्रील यांच्या जडणघडणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते दिग्दर्शक सर टायरन गथ्री मूळचे नभोवाणीचे. २ जुलै १९०० रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गथ्री यांचे आजोळ आयरिश होते. १९२४ मध्ये बीबीसीचे बेलफास्ट केंद्र सुरू झाले, तेव्हा श्रोत्यांनी प्रथम ऐकला तो त्यांचाच आवाज.

त्या काळी रंगमंचावरील नाटकेच ध्वनिक्षेपकापुढे वाचली जात. नभोवाणीसाठी स्वतंत्र नाट्यलेखन हवे, असा गथ्री यांचा आग्रह होता. 'द स्क्विरल्स केज' (१९२९) या नभोनाट्यातून त्यांनी तो सिद्ध केला. पुढे लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात त्यांनी शेक्सपिअरची नाटके गाजवली. १९५३ मध्ये कॅनडातील स्ट्रॅटफर्ड येथे एका भव्य तंबूत त्यांनी नाट्यमहोत्सव उभा केला. १९६१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

१९२९ मध्ये जन्मलेले फ्रील डेरी येथे शिक्षक होते. त्यांची दोन नभोनाट्ये १९५८ मध्ये बेलफास्ट केंद्रावरूनच प्रसारित झाली. निर्माते होते रोनाल्ड मेसन. १९६० मध्ये फ्रील यांनी नोकरी सोडली. आता लेखणीवरच निर्वाह करायचा होता आणि रंगमंचाचे तंत्र मात्र अजून हाती आले नव्हते. १९६३ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस येथे गथ्री यांच्या नावाचे नाट्यगृह उभे राहत होते. फ्रील तेथे गेले. 'हॅम्लेट' आणि चेखॉव्हच्या 'थ्री सिस्टर्स'च्या तालमी ते कित्येक आठवडे एका बाजूला बसून पाहत राहिले. त्यांना तेथे कोणतेही काम नेमून दिलेले नव्हते. प्रेक्षकांना खिळवून ठेवण्याची कला त्यांना या तालमींतून उमगली.

२८ सप्टेंबर १९६४ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे 'फिलाडेल्फिया, हिअर आय कम!' रंगमंचावर आले. देशांतराच्या उंबरठ्यावरील एका तरुणाची भूमिका त्यात दोन नट करतात : एक जगाला दिसणारा, दुसरा त्याच्या अंतर्मनाचा, इतर पात्रांना न दिसणारा. नभोनाट्यात सहज साधणारा मनातला आवाज येथे सदेह रंगमंचावर अवतरला. या नाटकाने फ्रील यांना जगभर ओळख मिळवून दिली.

१५ मे १९७१ रोजी गथ्री यांचे आयर्लंडमधील मोनाहन परगण्यातील राहत्या घरी निधन झाले. हे घर त्यांनी कलावंतांच्या निवासासाठी आयरिश शासनाला दिले होते. १९८१ मध्ये ते कलावंतांसाठी खुले झाले. त्याच वर्षी फ्रील यांनी केलेले 'थ्री सिस्टर्स'चे रूपांतर डेरी येथे रंगमंचावर आले.