प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर
जळगाव-धुळ्याला सायन्स घेतलेल्या आपल्या पोरापोरींना हे नाव माहीत असावं, म्हणून आम्ही लिहीत आहोत. जन्म मालवणचा, १८८४ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवीत. सह्याद्रीतल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तोवर तो प्रकार आफ्रिकेतच असतो, असा समज होता. १९१४ ला कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले. शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले, अन् महायुद्ध पेटलं. इंग्रजांची प्रजा म्हणून जर्मनांनी अडकवून ठेवलं. दुसरा कोणी सुटल्याबरोबर घर गाठता. यांनी १९१९ ला बर्लिनची डॉक्टरेट मिळवली, मगच परतले. १९४६ ला पुण्यात विज्ञानवर्धिनी उभारली. १९६० ला वारले. त्या संस्थेला १९९२ पासून त्यांचंच नाव आहे.