बाबांच्या नावाचं कोर्ट

कॉलेज टीममध्ये निवड झाली आणि कोच म्हणून समोर सख्खे बाबा! टेन्शन येईल ना? पीट मॅराविचचं नेमकं हेच झालं. त्याचे वडील प्रेस अमेरिकेतल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच होते. पोराला लहानपणापासून त्यांनीच घडवलं होतं. पण वशिल्याचा खेळाडू म्हणायची सोय पीटने कुणाला ठेवलीच नाही. १९७० पर्यंतच्या तीन सीझनमध्ये ८३ मॅचेस आणि ३,६६७ पॉइंट्स, तेही थ्री-पॉइंटर नसलेल्या काळात!

पुढे तो एनबीए गाजवून १९८० मध्ये निवृत्त झाला. ५ जानेवारी १९८८ ला सहज म्हणून खेळताना कोसळला आणि गेला. वय फक्त ४०. हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी जन्मापासूनच नव्हती, हे नंतर कळलं.

विद्यापीठाने आपल्या हॉलला त्याचं नाव दिलं. काही वर्षांनी धाकटा मुलगा जॉश स्कॉलरशिपशिवाय त्याच टीममध्ये आला. बाबांच्या नावाच्या हॉलमध्ये त्याच्या वाट्याला बहुतेक वेळ बेंचच आला. तरी तो टिकला.

तुमच्याही घरात असं एखादं मोठं नाव आहे? मग पीटच्या पॉइंट्सबरोबर जॉशचा बेंचही लक्षात ठेवा.