मुंबई बेट भाड्याने घेणारा डॉक्टर, ज्याची हाडं मेल्यावर १२ वर्षांनी जाळली

परभणी जिल्ह्यातलं पाथरी म्हटलं की आज साईबाबा आठवतात. पण अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळही याच गावात सापडतं. या घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. म्हणूनच बुऱ्हाण निजामशहाने १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी जिंकून घेतली.

याच बुऱ्हाणशहाकडे पुढे एक पोर्तुगीज डॉक्टर यायचा. नाव गार्सिया द ओर्ता.

गार्सियाचा जन्म १५०१ च्या सुमाराचा, पोर्तुगालमधला. आईवडील मूळचे स्पेनचे ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, ते पोर्तुगालला आले आणि १४९७ मध्ये तिथे ज्यूंचं जबरदस्तीने धर्मांतर झालं. अशा लोकांना 'नवे ख्रिश्चन' म्हणायचे आणि त्यांच्यावर कायम संशय असायचा. गार्सिया वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला आणि १५३४ मध्ये आरमारासोबत गोव्यात आला.

पोर्तुगीज इथे मिरी, दालचिनीसाठी आले होते. जहाजांमधून त्यांनी अमेरिकेतली झाडंही आणली. मिरची, पपई, पेरू, अननस हे सगळं त्यांच्याचमुळे आलं. ब्राझीलचा काजू तर गोवा-कोकणच्या डोंगरांवर असा रुजला की तो परका वाटतच नाही. हापूस हा शब्दही अफोन्सो या पोर्तुगीज नावावरूनच आलाय.

गार्सियाचा रस मात्र इथे आधीपासून जे उगवतं त्यात होता. १५५० च्या दशकात त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळालं. तिथे त्याने बाग केली. तिथलं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळायचं, असं त्याने लिहून ठेवलंय. हिंदू वैद्य, मुसलमान हकीम, व्यापारी, ज्याला जे माहीत असेल ते तो विचारून घ्यायचा. अँटोनिया नावाची त्याची गुलाम मुलगी त्याला वनस्पती आणून द्यायची.

१५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं. आलं, वेलदोडा, अफू, भांग, आंबा यांची माहिती त्यात दोन माणसांच्या गप्पांमधून येते. पटकीचं वर्णनही आहे. जुन्या ग्रीक ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं खरं, ही त्याची भूमिका. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश काढला आणि इथल्या वैद्य-हकिमांचं ज्ञान युरोपभर पोचलं. अर्थात, नाव झालं ते गार्सियाचं.

पण १५६० मध्येच गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय सुरू झालं होतं. छुपे ज्यू शोधून त्यांना शिक्षा देणं हे त्याचं एक मोठं काम. गार्सिया १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली जिवंत जाळलं. गार्सियाही आतून ज्यूच होता, असं ठरवून १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली.

ज्या सत्तेला त्याने इथल्या झाडापाल्याची ओळख करून दिली, तिने त्याची कबरही ठेवली नाही. आज पणजीत चर्चजवळच्या बागेला त्याचं नाव आहे. मुंबईची बाग मात्र उरली नाही. त्याच्या घराच्या जागी पुढे इंग्रजांचा किल्ला उभा राहिला.