रात्रीचा हिशेब

उभी नोकरी बँकेत झाल्यामुळे असेल, कुणाही थोर माणसाचं चरित्र वाचताना माझी नजर आधी त्याच्या जमाखर्चाकडे जाते. रोमन तत्त्वज्ञ सेनेका हा त्या दृष्टीने मोठा अडचणीचा गृहस्थ. उपदेश साधेपणाचा; पण राजाच्या मर्जीत राहून चार वर्षांत ३० कोटी सेस्टर्स जमवल्याचा आरोप त्याच्या हयातीतच झाला. ब्रिटनमध्ये दिलेली कर्जं त्याने एकदम वसुलीला काढली आणि तिथल्या बंडाला तेही एक कारण झालं, असं इतिहासकार डिओ सांगतो.

सेनेका मूळचा स्पेनमधल्या कोर्दोबाचा. इ. स. ४१ मध्ये सम्राट क्लॉडियसने त्याला कॉर्सिका बेटावर हद्दपार केलं. ४९ मध्ये राणी अग्रिपिनाने त्याला परत बोलावलं, ते आपल्या मुलाला, नीरोला शिकवण्यासाठी. ५४ मध्ये नीरो गादीवर आला. सुरुवातीची वर्षं सेनेका आणि सेनाधिकारी बुर्रस यांनी कारभार नीट सांभाळला. पण ५९ मध्ये नीरोने जन्मदात्या आईला मारवलं आणि त्या कृत्याची सफाई देणारं सिनेटसाठीचं पत्र सेनेकाने लिहून दिलं. ही नोंद काही केल्या खोडता येत नाही.

बुर्रस ६२ मध्ये गेला. सेनेकाने आपली सारी मालमत्ता नीरोला देऊ केली. त्याने ती घेतली नाही. मग दरबारापासून दूर राहून त्याने ल्युसिलियस या मित्राला पत्रं लिहिली. त्यातली १२४ आज उपलब्ध आहेत. गुलामही आपल्यासारखीच माणसं, त्यांना पंगतीला घ्यावं, असं तो सांगतो. पैशाला जपणारी माणसं वेळ मात्र फुकट वाटतात, याचं त्याला नवल वाटतं. आणि हे सांगणारा मी वैद्य नव्हे, तुमच्याच शेजारच्या खाटेवरचा रोगी आहे, असंही तो कबूल करतो.

त्याची एक सवय मला फार जवळची वाटते. रात्री दिवा मालवला की तो दिवसभराचं आपलं वागणं तपासायचा. काही लपवायचं नाही, चुकलं ते पुन्हा करायचं नाही आणि आजच्यापुरती स्वतःला माफी. रोखीचा ताळा त्याच संध्याकाळी लागला पाहिजे, हे कुठलाही कॅशियर जाणतो. मात्र नीरोसाठी ते पत्र लिहिलं त्या रात्री हा हिशेब त्याने कसा मांडला असेल, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

६५ मध्ये कटाचा आरोप ठेवून नीरोने त्याला आत्महत्येचा हुकूम दिला. त्याने मित्रांना धीर दिला आणि शिरा कापून घेतल्या. पत्नी पॉलिनानेही तेच केलं, पण तिला वाचवण्यात आलं.

सेनेकाची वही स्वच्छ नव्हती. पण स्वच्छ वहीवाल्याला रोज रात्री ती उघडण्याची गरज तरी कुठे असते? ती गरज त्याची होती, तशीच तुमची-माझीही आहे.