खाशाबांचे पदक आणि गहाण पडलेले घर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मला आधी आपले मैदान आठवले. केशोरीत कबड्डी सगळ्यांनाच यायची. कुस्ती मात्र आम्ही मुलींनी लांबूनच पाहिलेली. खाशाबा जाधव हे नाव मी पीटीच्या तासाला ऐकले आणि विसरून गेले. १५ जानेवारी २०२३ च्या रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला, तर गुगलच्या पानावर त्यांचेच चित्र! त्यांचा तो ९७ वा जन्मदिवस होता. त्या दिवशी ठरवलेली कामे बाजूला ठेवून मी त्यांच्याबद्दलच वाचत बसले.

कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लाल मातीची ओळख लहानपणीच झाली. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला. मातीत वाढलेला हा मुलगा तिथे मॅटवर लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. एवढ्यावर तो थांबला असता तरी कॉलेजने त्याचे कौतुकच केले असते.

पण १९५२ ला हेलसिंकीला जायचे, तर पैसेच नव्हते. सरकारकडून पुरेशी मदत मिळेना. गावोगाव वर्गणी गोळा झाली, तीही कमी पडली. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मी इथे बराच वेळ अडकले. मुलगा हरून परतला असता तर? सरांच्या घरात त्या रात्री काय बोलणे झाले असेल? गृहकर्जाचा हप्ता चुकला तर काय होते, ते आपल्यापैकी बहुतेकांना आता ठाऊक आहे.

हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीइशी झालेली लढत लांबली आणि ते थोडक्यात हरले. मग पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभे केले आणि नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात. तरी कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच वेळी आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकले, त्यामुळे देशाचे लक्ष तिकडे होते. कराडला मात्र शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मिरवणूक संपल्यावर त्यांनी काय केले, ते मला पदकाहून मोठे वाटते. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचे घर सोडवून दिले.

पुढचे आयुष्य एवढे सुखाचे नव्हते. १९५५ ला ते पोलीस खात्यात फौजदार झाले, बढतीसाठी वर्षानुवर्षे थांबले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पेन्शनसाठीही खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, म्हणजे मरणानंतर. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडले. तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत आणले.

माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला पैसे कमी पडले, तेव्हा आपल्या एका सरांनी कुणाला न सांगता ते भरले होते. पहिल्या पगारातून मी ते परत केले, पण मनीऑर्डरने. समोर जाऊन दिले नाहीत. सर मेळाव्याला येणार आहेत, असे कळले आहे. त्यांच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवा.