राजा सर टी. माधवराव

शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला म्हणजे पुष्कळ पालक आम्हांस विचारतात कीं, मुलास सरकारी नोकरींत घालावें काय, आणि तेथें तो कोठवर चढेल? पगाराचा व पेन्शनचा विचार गैर नाहीं. परंतु राज्याचें धोरण ठरविणाऱ्यानें कशासाठीं झटावें, हें राजा सर टी. माधवराव यांच्या चरित्रावरून अधिक चांगलें समजेल असें आम्हांस वाटतें.

माधवरावांचा जन्म १८२८ सालीं कुंभकोणम् येथें, तंजावरकडील एका मराठी घराण्यांत झाला. त्यांचे वडील व चुलते त्रावणकोर संस्थानचे दिवाण होऊन गेले होते. तरी माधवरावांची उमेदवारी खालूनच सुरू झाली. मद्रासेस पॉवेल या गुरूंजवळ शिक्षण घेऊन त्यांनीं कांहीं काळ गणित शिकविलें, व मग अकौंटंट जनरलच्या कचेरींत काम धरलें. १८४९ सालीं ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. तेथून महसुलाच्या कामांत शिरून, एका विभागाचा कारभार चोख चालविल्यावर, १८५८ सालीं ऐन तिशींत ते दिवाण झाले.

पद मोठें, पण खजिना रिता! नोकरांचे पगार थकलेले आणि डोक्यावर कर्ज. अशा वेळीं हातचें उत्पन्न कोण सोडील? माधवरावांनीं तें सोडलें. शेतकऱ्यास आपली मिरी सरकारलाच, सरकारी भावानें, विकावी लागे. तो मक्ता त्यांनीं उठविला आणि निर्यातीवर जकात बसविली. पुढें तंबाखूचा मक्ताही गेला. हिशेब अचूक ठरला : व्यापार वाढला, थोड्याच वर्षांत कर्ज फिटलें, आणि रस्ते, कालवे व शाळा यांसाठीं पैसा उरूं लागला.

त्यांच्या कारभारांत न्यून नव्हतें असें नाहीं. नाडार स्त्रियांना अंग झांकण्याची मोकळीक १८५९ च्या जाहीरनाम्यानें मिळाली, पण ती मद्रास सरकारच्या दडपणानंतर, आणि तीही अपुरी. पैशाच्या बाबतींत धीट असलेला दिवाण रूढीपुढें सावधच राहिला.

महाराजांशीं बेबनाव होऊन १८७२ सालीं त्यांनीं पद सोडलें. पुढें ते इंदूरचे दिवाण झाले, व मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर १८७५ सालीं बडोद्यास आले. तेथें बाल सयाजीरावांच्या वतीनें त्यांनीं विस्कटलेला कारभार सावरला, आणि १८८१ सालीं तरुण महाराजांस राज्य कसें करावें यावर व्याख्यानें दिलीं. दिवाणांतील शिक्षक अखेरपर्यंत जागा होता. १८९१ सालीं मद्रासेस त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थ्यांनो, कचेरींतील आंकड्यामागें एखाद्या मिरीवाल्याचें घर असतें, आणि तो कचेरींत बसणाऱ्यास कधींही दिसत नाहीं. तें न दिसणारें घर ज्याला मनानें दिसतें, त्यानें या नोकरींत अवश्य जावें. पालकहो, मुलगा कोठवर चढेल हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. परंतु वर चढल्यावर त्याची नजर कोणाकडे असावी, हें मात्र आपण व आम्ही मिळून त्यास आजपासून शिकवूं शकतों.