५७७ धावांचे भागीदार : विजय हजारे

देशांतर्गत एकदिवसीय क्रिकेटचा करंडक विजय हजारे यांच्या नावाने खेळला जातो आणि आपल्या गोव्याचा संघही त्यात उतरतो. त्यामुळे हे नाव नव्या पिढीच्या कानावर असते. त्या नावामागचे चरित्र मात्र हळूहळू विस्मृतीत चालले आहे.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. उमेदवारीच्या काळात त्यांना ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन लाभले. १९३९-४० च्या रणजी हंगामात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढे त्याच बडोदे संस्थानाने त्यांना आश्रय दिला. वाघोडियासारखी गुजराती गावे आणि मराठी राजघराणे यांचा संगम असलेल्या त्या मुलखात हा सांगलीकर कायमचा स्थिरावला.

१९४३ च्या पंचरंगी स्पर्धेतील अंतिम सामन्यात त्यांचा स्वभाव पुरता प्रकट झाला. हिंदू संघाने विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर ५८१ धावांचा डोंगर उभा केला होता. फॉलोऑननंतर हजारे यांच्या ‘रेस्ट’ संघाने ३८७ धावा केल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांनी केवळ २१ धावा करीत ३०० धावांच्या भागीदारीत एक बाजू लावून धरली. तरीही संघ डावाने हरला.

मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. सी. के. नायडू यांच्या होळकर संघाचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला. बडोद्याचेही ३ गडी ९१ धावांत बाद झाले. तेव्हा हजारे आणि लाहोरचे डावखुरे गुल महंमद एकत्र आले. पुढील ५३३ मिनिटांत त्यांनी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद यांनी ३१९, तर हजारे यांनी २८८ धावा केल्या. बडोद्याने ७८४ धावांचा डाव रचून एक डाव व ४०९ धावांनी सामना जिंकला. पाचच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद भारतातर्फे आणखी काही कसोट्या खेळले. पुढे ते पाकिस्तानवासी झाले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडूनही कसोटी खेळले. सीमारेषेने त्या जोडीला दुभंगले. धावफलकावर मात्र दोघांची नावे एकत्रच राहिली. कोणत्याही गड्यासाठीचा त्यांचा विश्वविक्रम २००६ मध्ये संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावांच्या भागीदारीने मोडला.

जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेड येथे हजारे यांनी ११६ व १४५ धावा करून एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके ठोकणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला. दुसऱ्या डावात संपूर्ण संघाच्या धावा २७७ होत्या. तोही सामना भारताने डावाने गमावला. कर्णधार म्हणून मात्र त्यांच्या वाट्याला ऐतिहासिक यश आले : फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडला एक डाव व ८ धावांनी नमवून पहिला कसोटी विजय मिळवला. त्याच वर्षी लीड्स येथे दुसऱ्या डावात भारताचे ४ गडी शून्यावर बाद झाले असताना हजारे यांनी ५६ धावांची झुंज दिली.

३० कसोट्यांत २१९२ धावा, ७ शतके आणि ४७.६५ ची सरासरी हा त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या अनेक मोठ्या खेळी पराभवाच्या छायेत घडल्या. ज्याच्यावर सारा भार टाकून इतरांनी निर्धास्त व्हावे, असा फलंदाज प्रत्येक संघाला हवा असतो. हजारे यांनी तो भार आयुष्यभर निमूटपणे वाहिला. त्यांच्या नावाच्या करंडकासाठी उतरणाऱ्या गोमंतकीय तरुणांनी आकड्यांबरोबर एवढेही स्मरणात ठेवावे.